१४० रिॲक्शन की दहा गोष्टी?

प्रश्न : बाई, मी वाशिम जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. दहावीपर्यंत मराठी माध्यम, विज्ञानात ९१ गुण. अकरावी सायन्सला गेले आणि सगळं इंग्रजी झालं. आता बारावीत आहे. ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या (कार्बनी रसायनांच्या) १४० रिॲक्शन वहीत उतरवल्यात. रात्री पाठ करते, सकाळी पाटी कोरी. क्लासचे सर म्हणतात, पाठांतर वाढव. मला बी. फार्म.ला जायचंय, त्यामुळे केमिस्ट्री सोडता येत नाही. काय करू?
— एक विद्यार्थिनी, जि. वाशिम

उत्तर : पोरी, ९१ गुण मिळवणाऱ्या मुलीची स्मरणशक्ती एका उन्हाळ्यात आटत नाही. एकतीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात हाच विषय शिकवला, म्हणून सांगते, त्या रिॲक्शन १४० नाहीतच. फार तर दहा-बारा गोष्टी आहेत, वेगवेगळे कपडे घालून आलेल्या.

ब्रोमोइथेन घे. ब्रोमीन इलेक्ट्रॉनचा हावरट. कार्बनशी भागीत असलेली जोडी तो आपल्याकडे ओढतो, त्यामुळे कार्बनवर जरासा धन प्रभार येतो, तो उघडा पडतो. आता ज्याच्याजवळ देण्याजोगी इलेक्ट्रॉनची जोडी आहे, तो तिथे धावणार आणि ब्रोमीनला घराबाहेर काढणार. हायड्रॉक्साइड धावला की इथेनॉल, अमोनिया धावला की इथिल अमाइन, पोटॅशियम सायनाइडमधला सायनाइड धावला की नायट्राइल. तू तीन पानांवर लिहिलेल्या या तीन रिॲक्शन, गोष्ट एकच. धावणाऱ्याला न्यूक्लिओफाइल म्हणतात. ‘फाइल’ म्हणजे ग्रीकमध्ये प्रेम करणारा. मराठी परिभाषेत केंद्रकस्नेही. हा शब्द एकदा कळला की इंग्रजी शब्दाची भीती निम्मी जाते.

आता गंमत बघ. तेच ब्रोमोइथेन, तेच पोटॅशियम हायड्रॉक्साइड, पण पाण्याऐवजी अल्कोहोलात तापवलं तर मुख्यतः इथीन मिळतं असं पुस्तक सांगतं. मुलं हे ‘जलीय म्हणजे अल्कोहोल, अल्कोहोलिक म्हणजे अल्कीन’ असं घोकतात आणि पेपरात नेमकं उलटं लिहून येतात. अगं, पाण्यात हायड्रॉक्साइडभोवती पाण्याच्या रेणूंचा गराडा पडतो, त्याची बेस (आम्लारी, म्हणजे हायड्रोजन उपटणारा) म्हणून धार बोथट होते. अल्कोहोलात इथॉक्साइड तयार होतो, तो जास्त कडक बेस. तो कार्बनकडे न जाता शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजनच उपटतो, ब्रोमीनही निघून जातो, मधे दुहेरी बंध उरतो. इलेक्ट्रॉनची जोडी कुठून कुठे जाते त्याचे बाण काढत हे एकदा लिही. मी फळ्यावर काढायला लागले तेव्हा नोकरीची सहा वर्षं झाली होती. तोवर मीही नोट्स सांगून उतरवूनच घ्यायची. त्या बॅचची आठवण झाली की मला अजून माझीच लाज वाटते.

क्लासचे सर अगदी चूक नाहीत. आवर्तसारणीतले गट १६, १७, १८ आणि संक्रमण मूलद्रव्यं यांत पाठांतराला पर्याय नाही. रोज दहा मिनिटं, बास. थर्मोडायनॅमिक्समध्ये मात्र गणित येऊनही गुण जातात ते एककांपायी : वायू स्थिरांक ८.३१४ घेतला की उत्तर ज्यूलमध्ये येतं आणि एन्थाल्पी (उष्णतेचा हिशोब) दिलेली असते किलोज्यूलमध्ये. हजाराने भागायचं राहून जातं.

लेखी ७० आणि प्रात्यक्षिक ३०, हे तुझ्या पत्रात कुठेच नाही. ३० गुण जर्नल पूर्ण केल्याने मिळतात असा गावोगाव समज आहे, पण प्रयोग समजावाच लागतो. एकदा आमच्या लॅबमध्ये विरल सल्फ्युरिक आम्लाची बाटली रिकामी होती, म्हणून एका मुलाने परमँगनेटच्या टायट्रेशनला (ब्युरेट या खुणांच्या नळीतून थेंब थेंब द्रावण सोडून मोजण्याच्या प्रयोगाला) गुपचूप हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं. फेरस अमोनियम सल्फेटचं रीडिंग भलतंच जास्त आलं. परमँगनेट फेरसबरोबर क्लोराइडचंही ऑक्सिडीकरण करत बसतं, म्हणून ब्युरेटमधून जास्त द्रावण खर्च होतं. तोंडीला ‘एचसीएल का नाही?’ विचारतात ना, त्याचं उत्तर त्या पोराला जन्मभर पुरेल. ऑक्झॅलिक आम्ल असेल तर द्रावण ६०–७० अंशांपर्यंत तापव. पहिल्या थेंबांचा रंग जायला वेळ लागतो. घाबरून भराभर ओतू नकोस. मँगनीज आयन तयार झाले की तेच उत्प्रेरकाचं काम करतात आणि रंग झटपट जायला लागतो. आणि हो, परमँगनेट इतकं गडद असतं की द्रावणाच्या पृष्ठभागाची खालची वक्ररेषा दिसत नाही, म्हणून ब्युरेटवर वरची कड वाचायची.

दहावीचं मराठी पुस्तक रद्दीत टाकू नकोस. ऑक्सिडीकरण, क्षपण, उत्प्रेरक हे शब्द तुझे आहेत. समजून घ्यायचं मराठीत, पेपर लिहायचा इंग्रजीत.

फिनॉल इथेनॉलपेक्षा जास्त आम्लधर्मी का, हे पुस्तक मिटून, तुझ्या वाशिमच्या मराठीत चार ओळी लिहून पाठव. घोकलेलं लिहिलंस तर मला कळतं.