जुनं यान, नवा साज

प्रश्न : ‘स्टार ट्रेक’ची पहिली मालिका आम्ही दूरदर्शनवर पाहिली होती. परवा मुलाने ब्लू-रेवर लावली, तर यान, ग्रह सगळं संगणकावर नव्याने केलेलं. त्याला आवडलं, मला परकं वाटलं. जुन्या कामाला असा हात लावावा का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : लावावा, पण जुनं पुसून नव्हे.

तुम्ही पाहिलीत ती आवृत्ती २००६ पासून दाखवली गेली. मूळ मालिका १९६६ ते १९६९ची, ३५ मिमी फिल्मवरची. निगेटिव्ह नव्याने स्कॅन केल्यावर नटांचे प्रसंग लख्ख निघाले, अवकाशातले मात्र मळकटच राहिले. यान एका फिल्मवर, तारे दुसऱ्या. ते ऑप्टिकल प्रिंटरवर, म्हणजे अनेक फिल्म एकाच फिल्मवर उतरवणाऱ्या यंत्रावर, एकत्र आणताना प्रतीवरून प्रत निघते आणि दर प्रतीला दाणे, धूळ वाढत जाते. जुन्या टीव्हीवर हे खपून जायचं, आजच्या पडद्यावर डोळ्यांत खुपतं. म्हणजे गरज खरीच होती.

तरी त्या कारागिरांना माझा दंडवत. मालिकेतल्या एंटरप्राइझ यानाचं मोठं मॉडेल सुमारे ११ फुटांचं. दिव्यांच्या तारा डाव्या अंगाला, म्हणून कॅमेरा उजवीकडेच. ‘द डूम्सडे मशीन’ या १९६७च्या भागात दुसरं मोडकं यान हवं होतं, तर खेळण्यातलं प्लॅस्टिकचं किट आणलं आणि त्यावरच्या एंटरप्राइझच्या १७०१ या क्रमांकाचे आकडे फिरवून १०१७ केले!

याच भागात त्या मोडक्या यानाचा प्रमुख कमोडोर डेकर सांगतो, की त्याने आपली माणसं वाचवायला तिसऱ्या ग्रहावर उतरवली. तिसरा ग्रह तर नाहीच, असं एंटरप्राइझचा कप्तान कर्क म्हणतो आणि डेकर कोसळतो; ग्रह गिळणाऱ्या एका यंत्राने तो माणसांसकट गिळलेला असतो. तिथे एकही इफेक्ट नाही, फक्त डेकर झालेल्या विल्यम विंडमचा चेहरा. नव्या आवृत्तीतलं ते ग्रह गिळणारं यंत्र त्या चेहऱ्याला शोभेल इतकं भीषण झालंय. हा बदल मला मनापासून पटला.

मी फोंड्याकडे नाटकांची प्रकाशयोजना करतो. जत्रेतल्या नाटकाला हल्ली रंगवलेल्या पडद्याऐवजी एलईडी लावतात. मागे निळं चांदणं आणि नटाच्या तोंडावर पिवळा स्पॉट! दोन्ही उजेड जुळले नाहीत की लोक नट सोडून पडदा बघतात. तुमच्या परकेपणाचं मूळ मला इथेच दिसतं. नटांवरचा उजेड १९६७चा, यानावरचा २००६चा.

त्यामानाने ‘नेक्स्ट जनरेशन’ या ‘स्टार ट्रेक’च्या नंतरच्या मालिकेचं काम मला जास्त भावतं. तिचं संकलन व्हिडिओ टेपवर झालं होतं. २०१२ पासूनच्या ब्लू-रेसाठी मूळ निगेटिव्ह शोधून भाग पुन्हा जोडले आणि मॉडेलची बरीचशी मूळ दृश्यंच नव्याने एकत्र केली. मॉडेल तेच, फक्त धूळ गेली.

पहिल्या मालिकेच्या ब्लू-रेवर मूळ इफेक्टही निवडता येतात. मेनूत बघा. मुलाला ‘डूम्सडे’ आधी जुना दाखवा, मग नवा.