पाहुणे विचारतात, लाईट गेली का?

प्रश्न : जावयांनी जर्मनीहून एका चित्राचं मोठं प्रिंट आणलं, डाल नावाच्या चित्रकाराचं, पौर्णिमेच्या रात्रीचं ड्रेसडेन शहर. फ्रेम करून हॉलमध्ये लावलं, तर येणारा प्रत्येक जण म्हणतो एवढं काळंकुट्ट काय लावून ठेवलं, लाईट गेली का? खरं सांगू, मलाही चंद्र आणि एक घुमट सोडून काही दिसत नाही. यात पाहायचं काय?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : पाहुण्यांचं मनावर घेऊ नका, पण प्रश्न बरोबर आहे. चित्र 1839 चं, चित्रकार योहान क्रिस्टियान डाल, मूळचा नॉर्वेतल्या बर्गनचा, बाप मच्छीमार. 1818 साली ड्रेसडेनला आला आणि तिथलाच झाला. 1823 पासून तो एल्ब नदीकाठी ज्या घरात राहायचा तिथेच कास्पार डाव्हिड फ्रीडरिखही राहायचा, रोमँटिक निसर्गचित्रातलं मोठं नाव (रोमँटिक म्हणजे इथे प्रेमाबिमाचं नाही, भावनेला महत्त्व देणारा तेव्हाचा कलाप्रवाह). पण फ्रीडरिखच्या चित्रासमोर आपण आपोआप गंभीर होतो, डालला मात्र हवा, ढग, पाणी हेच जास्त आवडायचं, त्याने ढगांचे कितीतरी अभ्यास तैलरंगात करून ठेवलेत. म्हणून माझं म्हणणं, यात गूढ अर्थ शोधत बसू नका, सरळ उजेड कुठून येतो ते पाहा.

आधी चंद्र राहू द्या बाजूला, ढगांच्या कडा बघा, कुठे उजळ आहेत, कुठे राखाडी. मग नदीवर या. पाणी हलत असलं की चंद्राचं गोल प्रतिबिंब पडत नाही, त्याचे तुकडे होऊन लांबच लांब पट्टा आपल्याकडे येतो (आपल्या फुटाळा तलावावर चांदण्या रात्री उभे राहिलात तर तोच पट्टा दिसेल, फक्त चाटवाल्यांच्या गर्दीतून जरा बाजूला व्हावं लागेल). आता शहरातले बारके पिवळे दिवे शोधा. चंद्राचा उजेड थंड, माणसांचा गरम, आणि दोन्ही एकाच पाण्यात उतरतात, मला तर सगळं चित्र या एवढ्या गोष्टीवर उभं वाटतं. इमारती मुद्दाम सावलीसारख्या ठेवल्यात, पण ड्रेसडेनच्या माणसाला आकारावरूनच पूल आणि चर्च ओळखू येतात.

तुम्हाला दिसतो तो घुमट फ्राउएनकिर्शेचा, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चचा. फेब्रुवारी 1945 च्या बॉम्बहल्ल्यानंतर तो कोसळला आणि कितीतरी वर्षं तिथे नुसता दगडांचा ढीग होता, चर्च पुन्हा उभं राहून खुलं झालं ते 2005 मध्ये. हे कळल्यावर चित्र बदलतं का? डालला यातलं काहीच माहीत नव्हतं, तरी आपण आता ते विसरून बघू शकत नाही, इलाज नाही.

आणि एक काम आजच करा. फ्रेमला साधी चकचकीत काच असेल आणि समोर ट्यूबलाईट, तर काळ्या भागात फक्त ट्यूब आणि तुमचा पंखा दिसणार, पाहुणे तेच बघून राहिले असतील. चमक न मारणारी काच टाका, ट्यूब बंद करून बाजूला एखादा पिवळा दिवा लावा. ऊन पडतं त्या भिंतीवर तर अजिबात नको, आपलं मे महिन्यातलं ऊन माहीतच आहे, छापील पिवळा-लाल बरेचदा आधी उडतो, मग डालचे दिवे पहिले जातील आणि पाहुण्यांचं म्हणणं खरं होईल.