पुसदचा कागद, जिल्हा मात्र बाशीम?

प्रश्न: आम्ही पुसद तालुक्यातले. पणजोबाच्या पेटीत शेतीच्या वादाचा जुना कागद सापडला, त्यावर जिल्हा बाशीम लिहिलंय. आमचा जिल्हा तर यवतमाळ, मग कागद खोटा आहे का?

उत्तर: अजिबात नाही भाऊ, उलट कागद चांगलाच जुना दिसतोय! बाशीम म्हणजे आपलं वाशीम. इंग्रजांच्या काळात तो वऱ्हाडातला स्वतंत्र जिल्हा होता अन् पुसद तालुका त्यातच होता. 1905 मध्ये तो जिल्हाच मोडला, पुसद यवतमाळकडे दिलं, वाशीम अकोल्याकडे गेलं, आणि यवतमाळलाही त्याआधी वणी जिल्हा म्हणायचे. म्हणजे गाव जागच्या जागीच अन् माणसाची कचेरी मात्र बदलली, तारखेला बैलगाडीनं जाणाऱ्यांचे काय हाल झाले असतील याचा विचार करून मला खरंच वाईट वाटतं. वाशीमला पुन्हा जिल्हा व्हायला तर 1998 उजाडलं, पण पुसद काही परत तिकडं गेलं नाही.

एक कळकळीची विनंती, त्या कागदाला लॅमिनेशन करू नका आणि घडीवर सेलोटेप तर मुळीच लावू नका. आधी शिक्क्यासकट नीट फोटो काढून ठेवा, मग कलेक्टर ऑफिसच्या रेकॉर्ड रूममध्ये नकलेसाठी अर्ज करा.