सिकोयाच्या जंगलात एक दिवस

प्रश्न: मुलाकडे कॅलिफोर्नियाला चाललोय, सिकोया नॅशनल पार्कला एकच दिवस मिळेल, काय बघू? आणि तिथल्या त्या प्रचंड सिकोया झाडांवर काळे डाग का असतात?

उत्तर: सरळ जायंट फॉरेस्ट, म्हणजे पार्कमधलं सिकोयांचं मोठं जंगल, गाठा. जनरल शर्मन बघाच, सुमारे ८४ मीटर उंच आणि खोडाच्या घनफळात जगातलं सगळ्यात मोठं झाड, पण तिथे गर्दी असते म्हणून फोटो काढून पुढे काँग्रेस ट्रेल या पायवाटेला लागा, खरं जंगल तिथे भेटतं. परतताना चढ आहे, उंचीमुळे दम लागतो, सावकाश चाला.

डाग वणव्याचे. जाड सालीमुळे झाड वाचतं, उष्णतेने शंकू उघडून बिया पडतात, म्हणजे थोडी आग हवीच, पण २०२० आणि २०२१ चे वणवे इतके भयंकर होते की हजारो जुनी झाडं गेली, फार वाईट वाटतं. मुळं उथळ असतात, पायाखाली दुखावतात, म्हणून प्लीज ट्रेल सोडू नका.