छंदाचे लेथ, जळालेली मोटर आणि नाकारलेली वॉरंटी

प्रश्न : मी नाशिकचा सेवानिवृत्त पर्यवेक्षक असून छंद म्हणून पितळी भोवरे, लाकडी सोंगट्या आणि वाफेच्या इंजिनांची छोटी मॉडेल्स बनवतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये परराज्यातील एका विक्रेत्याकडून टेबलावर बसणारे छोटे लेथ (धातू-लाकूड फिरवत कातण्याचे यंत्र) ८४ हजार रुपयांना मागवले. जाहिरातीत ‘एक वर्षाची वॉरंटी’ एवढेच लिहिले होते. ऑगस्टमध्ये पितळी रॉडचे फेसिंग (टोक सपाट कातणे) करत असताना जळका वास येऊन मोटर बंद पडली. विक्रेत्याचे म्हणणे असे, की मॅन्युअलप्रमाणे विद्युत भाग वॉरंटीत येत नाहीत. मी कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे तुकडे) काढून पाहिले, म्हणजे मी मोटर उघडली, असेही ते म्हणतात. आणि माझ्या व्हॉट्सॲपवरील प्रदर्शनाच्या फोटोंवरून मी भोवरे विकतो हे दिसत असल्याने वापर व्यावसायिक आहे, असा त्यांचा दावा आहे. स्वखर्चाने रिवाइंडिंग (मोटरमधील जळालेली तार काढून नवी गुंडाळणे) करून घ्या, असे त्यांनी कळवले. मी नवी मोटर घ्यावी, की घरात पडून असलेली ट्रेडमिलची मोटर बसवावी? तक्रार करता येईल का?

उत्तर : तक्रार निश्चित करता येईल, आणि आपण दिलेली माहिती पाहता आपली बाजू बळकट आहे. मात्र ती बळकट राहणे हे बऱ्याच अंशी पुढच्या काही दिवसांत आपण त्या जुन्या मोटरचे काय करता, यावर अवलंबून आहे. म्हणून मोटर बदलण्याचा प्रश्न मी कायद्याच्या प्रश्नाच्या आधी घेतो.

जळालेली मोटर हा आपल्या प्रकरणातील मुख्य पुरावा आहे. ती रिवाइंडिंगच्या दुकानात ठेवून ‘बघून ठेवा’ असे सांगून आपण घरी आलात, तर संध्याकाळपर्यंत कारागीर जळालेली कॉइल कापून तांबे भंगाराच्या डब्यात टाकून मोकळा झालेला असेल. त्यात त्याचा दोष नाही, त्याचे कामच ते आहे. परंतु त्यानंतर मोटर कशामुळे जळाली हे कोणालाही सिद्ध करता येणार नाही. म्हणून मोटर लेथवरून उतरवण्यापूर्वी तिचे, जोडणीच्या वायरींचे आणि मोटरचा वेग सांभाळणाऱ्या कंट्रोल बोर्डाचे फोटो काढावेत. नेमप्लेटवरील व्होल्टेज, वॅट, फेरे आणि असल्यास अनुक्रमांक स्पष्ट वाचता येईल असा एक फोटो जवळून घ्यावा. मोटरच्या दोन्ही टोकांची झाकणे आवळणारे लांब बोल्ट जागचे हललेले नाहीत, त्यांच्यावरचा रंग तुटलेला नाही, हे दाखवणारा फोटो स्वतंत्र घ्यावा, कारण ‘मोटर उघडली’ या आरोपाला त्याहून चांगले उत्तर नाही.

त्यानंतर एखाद्या जाणत्या वाइंडरकडून किंवा विद्युत अभियंत्याकडून, आपल्या समोर, मोटरची तपासणी करून घ्यावी. चिठ्ठीवर ‘मोटर जळाली आहे’ एवढाच शेरा पुरेसा नाही. आर्मेचरच्या (मोटरच्या फिरत्या भागाच्या) वाइंडिंगचा रोध किती आला, मेगर (इन्सुलेशन तपासण्याचे उपकरण) लावल्यावर इन्सुलेशनचे रीडिंग काय मिळाले, कम्युटेटरची (ब्रश ज्यावर टेकतात त्या तांब्याच्या कड्याची) आणि ब्रशची अवस्था कशी आहे, आणि या सर्वांवरून त्याच्या मते दोष मूळचा आहे की अतिभारामुळे आला आहे, हे त्याने तारीख व सही घालून लिहून द्यावे. तोच माणूस पुढे प्रतिज्ञापत्र देण्यास तयार असेल तर उत्तम. कंट्रोल बोर्डही याच वेळी तपासून घ्यावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. बोर्डातील बिघाडाने मोटर गेली असेल, तर नवी मोटरही त्याच वाटेने जाईल आणि आपली मागणी मोटरपुरती मर्यादित राहिल्याने बोर्डाचा खर्च अंगावर पडेल.

आता विक्रेत्याच्या तीन हरकतींकडे वळू. त्यातील ब्रशची हरकत सर्वांत दुबळी आहे. अशा छोट्या लेथवर बहुधा कार्बन ब्रशची डीसी मोटर असते आणि ब्रशच्या टोप्या तिच्या अंगावर बाहेरच, स्क्रूड्रायव्हरची खाच ठेवून बसवलेल्या असतात, त्या झिजलेले ब्रश ग्राहकाला बदलता यावेत म्हणूनच. आपल्या मॅन्युअलमध्ये ब्रश तपासण्याची किंवा बदलण्याची कृती दिलेली असेल, तर त्या पानाची प्रत नोटिशीला जोडावी. विक्रेत्याच्याच पुस्तिकेतील सूचना पाळणे म्हणजे यंत्राशी छेडछाड करणे, असे म्हणणे ग्राहक आयोगापुढे टिकणे अवघड आहे.

विद्युत भाग वगळल्याची हरकत थोडी अधिक काळजीने हाताळावी लागेल. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील ‘दोष’ या संज्ञेत कराराने अपेक्षित असलेल्या आणि विक्रेत्याने दावा केलेल्या दर्जातील उणीवही येते, आणि विक्रेत्याचा दावा काय होता हे पैसे भरण्यापूर्वी आपल्याला जे सांगितले गेले त्यावरून ठरते. जाहिरातीत बिनशर्त एक वर्ष लिहायचे आणि अपवाद मात्र खोक्यातील पुस्तिकेत, खरेदी पूर्ण झाल्यावर, ग्राहकाच्या हाती ठेवायचा, याला आपण अनुचित व्यापारी प्रथा म्हणून आव्हान देऊ शकता. जाहिरातीचा तारखेसह स्क्रीनशॉट आजच काढून ठेवावा, कारण नोटीस पोहोचल्यावर असा मजकूर बदलल्याचे प्रकार घडतात. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ही अट ‘अनुचित करार’ आहे अशी मांडणी तक्रारीत करू नये; अनुचित करारासंबंधीच्या तक्रारी ऐकण्याचा अधिकार या कायद्याने जिल्हा आयोगाला नव्हे, तर राज्य आयोगाला दिलेला आहे, आणि निष्कारण मुंबईच्या फेऱ्या ओढवून घेण्याचे आपल्याला कारण नाही. त्याचप्रमाणे, कायद्यातील उत्पादन दायित्वाचे (सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीच्या भरपाईचे) प्रकरण वाचून त्याचा आधार घेण्याचा मोह होईल, पण त्यातील ‘हानी’ या संज्ञेतून त्या वस्तूचे स्वतःचे नुकसान वगळलेले असल्याने ते आपल्या उपयोगाचे नाही.

तिसरी हरकत, म्हणजे आपण ग्राहकच नाही, ही विक्रेत्याने गांभीर्याने मांडलेली असो वा नसो, आयोग तिचा विचार प्रथम करील. व्यावसायिक प्रयोजनासाठी वस्तू घेणारा या कायद्याने ग्राहक ठरत नाही. मात्र केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी स्वतः वापरायला घेतलेली वस्तू व्यावसायिक प्रयोजनात मोडत नाही. या विषयावरील सर्वोच्च न्यायालयाचा आजही आधारभूत मानला जाणारा निकाल योगायोगाने टर्निंग मशीनच्याच, म्हणजे लेथसारख्याच यंत्राच्या, व्यवहारातला आहे. ‘लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स विरुद्ध पी. एस. जी. इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूट’ या १९९५ च्या प्रकरणात सुमारे २१ लाख रुपयांचे सीएनसी (संगणक-नियंत्रित) मशीन घेणाऱ्या, महाराष्ट्रात नोंदणी असलेल्या लघुउद्योगाला न्यायालयाने ग्राहक मानले नाही. परंतु त्याच निकालात, उपजीविकेसाठी स्वतः चालवण्याकरिता लेथ घेणारा माणूस ग्राहक ठरेल, मदतीला एखाद-दुसरा माणूस ठेवला तरीही ठरेल, आणि ते केवळ दुसऱ्याकडून चालवून घेण्यासाठी घेणारा ठरणार नाही, असे उदाहरणच दिलेले आहे. आपण तर उपजीविकेसाठीही नव्हे, छंदासाठी यंत्र घेतले आहे. वर्षाकाठी एखाद्या प्रदर्शनात काही भोवरे विकल्याने खरेदीचा मुख्य हेतू बदलत नाही. विक्रीची गोष्ट तक्रारीत लपवू मात्र नये, ती स्वतःहून आणि रकमेसह सांगावी. आणखी एक गोष्ट तपासावी, जी आपल्या पत्रात नाही : बिल आपल्या वैयक्तिक नावाने आहे ना? भरलेल्या जीएसटीची वजावट (इनपुट टॅक्स क्रेडिट) मिळावी म्हणून अनेकजण मुलाच्या किंवा मित्राच्या फर्मच्या नावाने बिल घेतात, आणि तसे झाले असेल तर माझे वरचे सर्व मत बदलेल. अशा वेळी तक्रार करण्यापूर्वी कागद घेऊन वकिलाला प्रत्यक्ष भेटावे.

कार्यपद्धती त्यामानाने सोपी आहे. विक्रेत्याला आणि खोक्यावरील लेबलवर ज्याचे नाव असेल त्या आयातदाराला, अशा दोघांनाही स्पीड पोस्टाने आणि ई-मेलने नोटीस पाठवावी. ‘१५ दिवसांत मोटर, आणि बोर्ड सदोष आढळल्यास तेही, विनामूल्य बदलून द्यावे. न दिल्यास मी त्याच क्षमतेची मोटर बाजारातून घेऊन खर्च वसूल करीन. जुनी मोटर तपासणीसाठी माझ्याकडे उपलब्ध आहे’, असे त्यात स्पष्ट लिहावे. कायद्याने ही नोटीस सक्तीची नाही, पण पुढे खर्च मागताना तिचा मोठा आधार होतो. दरम्यान १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. तिचा निर्णय बंधनकारक नसला, तरी काही विक्रेते तेवढ्यानेही जागे होतात.

मुदतीत उत्तर न आल्यास नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करावी. ग्राहक जेथे राहतो तेथे तक्रार करण्याचा अधिकार २०१९ च्या कायद्याने दिलेला असल्याने बिलावर विक्रेत्याच्या शहराच्या न्यायकक्षेचा छापील शेरा असला, तरी माझ्या मते त्याने बिचकण्याचे कारण नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, तक्रार ऑनलाइन दाखल करता येते आणि आपण स्वतः बाजू मांडू शकता. तक्रारीचे कारण घडल्यापासून मुदत दोन वर्षांची आहे. विक्रेत्याशी चाललेल्या पत्रव्यवहाराने ती वाढत नाही. आयोगाला आवश्यक वाटल्यास तो मोटर प्रयोगशाळेत पाठवू शकतो, आणि जुनी मोटर जपायला मी सांगितले त्याचे हेही एक कारण आहे. संपूर्ण लेथची किंमत परत मागू नये, असा माझा सल्ला आहे. बेड, हेडस्टॉक, चक हे लेथचे बाकीचे भाग व्यवस्थित असताना मोटरसाठी ८४ हजार मागणारा तक्रारदार आयोगाला हटवादी वाटतो. मोटर किंवा तिचा खर्च, त्यावर व्याज, मानसिक त्रासाबद्दल माफक रक्कम आणि तक्रारीचा खर्च एवढेच मागावे.

ट्रेडमिलची मोटर बसवू नये. तिचे फेरे, पुली आणि बोर्ड जुळवताना यंत्राच्या मूळ रचनेत बदल होईल, आणि आज खोटी असलेली ‘छेडछाड’ उद्या खरी ठरेल. नोटिशीची मुदत उलटल्यावर थांबणे शक्य नसेल, तर मूळ क्षमतेचीच नवी मोटर पक्क्या बिलावर घ्यावी.

नोटिशीनंतर विक्रेत्याने नवी मोटर पाठवली, आणि बरेचदा असेच घडते, तर जुनी मोटर त्याच्या स्वाधीन करताना अनुक्रमांकासह लेखी पोच घ्यावी. ‘माझी कोणतीही तक्रार उरलेली नाही’ अशा मजकुराचा कागद पुढे केला गेल्यास नवी मोटर प्रत्यक्ष कटिंगच्या भाराखाली चालवून पाहिल्याशिवाय, आणि तिच्यावर किती महिन्यांची वॉरंटी आहे हे लिहून मिळाल्याशिवाय, त्यावर सही करू नये.