‘हेवा वाटला’ आणि ‘हेवा केला’

प्रश्न सोलापुरातल्याच एका तरुण पाळकांचा, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंचा आहे. मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, पुढारपण करणाऱ्यांच्या शिबिरात त्यांना बोलायचंय आणि विषय मिळालाय ‘सेवकाच्या मनातली असुरक्षितता आणि मत्सर’. ते विचारतात, हे शब्द इथे बरोबर आहेत का? हेवा, मत्सर, असूया, ईर्ष्या हे सगळं एकच का? आणि हे पाप असेल, तर बायबलातल्या निर्गमाच्या 20व्या अध्यायात देव स्वतःला ईर्ष्यावान कसा म्हणवतो?

आधी ‘असुरक्षितता’. हा शब्द या जागी मला पटत नाही. रात्रीचा रस्ता असुरक्षित असतो, भेगा पडलेली इमारत असुरक्षित असते. माणसाच्या आत जे होतं त्याला आपण धास्ती म्हणतो, धाकधूक म्हणतो. ‘मला असुरक्षित वाटतं’ म्हटलं की दोष परिस्थितीवर ढकलता येतो. ‘मला धास्ती वाटते’ म्हटलं की समोरचा लगेच विचारतो, कुणाची? तो प्रश्न यायलाच हवा. ‘न्यूनगंड’ही नको. धास्तावलेले बरेच पुढारी स्वतःला अजिबात कमी लेखत नाहीत.

आता हेवा. दुसऱ्याकडे आहे ते आपल्याकडे असावं, ही ओढ त्यात मुख्य. उत्तरकालीन संस्कृतात ‘हेवाक’ म्हणजे उत्कट इच्छा. आपला हेवा त्याच्या शेजारी ठेवून बघा. म्हणून तर ‘हेवा वाटावा असा संसार’ हे कौतुक ठरतं. ‘मत्सर वाटावा असा संसार’ कुणी म्हणत नाही. मत्सरात ओढीपेक्षा जळणं जास्त. गंमत अशी की ऋग्वेदात ‘मत्सर’ हे सोमाचं विशेषण आहे, धुंदी आणणारा अशा अर्थाचं. मद आणि मत्सर एकाच धातूचे, आणि षड्रिपूंच्या यादीतही लागोपाठ येतात.

तुमच्या शिबिरासाठी सगळ्यांत कामाचा शब्द मात्र असूया. पाणिनीच्या एका सूत्रावर लिहिताना सिद्धांतकौमुदी या व्याकरणग्रंथात चार भावांची फोड केली आहे. क्रोध म्हणजे अमर्ष, द्रोह म्हणजे अपकार, ईर्ष्या म्हणजे अक्षमा, आणि असूया म्हणजे ‘गुणेषु दोषाविष्करणम्’, गुणांतच दोष काढून दाखवणं. ‘तो गातो छान, पण गाण्यातच उपासनेचा वेळ खातो.’ ‘तिच्या संडे स्कूलला मुलं येतात, खाऊ मिळतो ना!’ हे ‘पण’ आणि हे ‘ना’ म्हणजे असूया. मंडळी याच वाक्यांनी फुटते.

या शब्दांपेक्षाही मोठी गोष्ट आपल्या क्रियापदांत आहे, आणि ती मला कोशातून कळली नाही. आमच्या मंडळीत पूर्वी एक ज्येष्ठ पाळक होते. त्यांच्या हाताखाली नवा सहायक आला. त्याचा पहिला संदेश झाला, उपासना सुटली, आणि दारात लोक त्याचा हात सोडेनात. ज्येष्ठ पाळक आतच थांबले, एकेका बाकावरची गीतपुस्तकं गोळा करत. ते काम त्यांनी त्याआधी कधी केलेलं मी पाहिलं नव्हतं. त्याच आठवड्यातल्या प्रार्थनासभेत ते उभे राहिले आणि म्हणाले, “रविवारी मला हेवा वाटला. सोमवारी मी तो केला. कमिटीतल्या दोघांना फोन करून म्हणालो, पोरगा बोलतो बरा, पण त्याच्यात वचन कमी.” मग त्या सहायकालाच त्यांनी पुढे बोलावलं आणि आपल्यासाठी प्रार्थना करायला सांगितली. सहायकाचा आवाज फुटेना.

वाटला आणि केला. हेवा वाटतो तेव्हा कर्ता ‘मी’ नसतो, ‘मला’ असतं, भूक लागावी तसं. हेवा करतो तेव्हा कर्ता मी. करिंथकरांस पहिल्या पत्रात ‘प्रीती हेवा करीत नाही’ असं आहे, ‘प्रीतीला हेवा वाटत नाही’ असं नाही. वाटला म्हणून स्वतःला झोडपत बसलेले सेवक मी पाहिलेत, आणि केला तरी ‘वाटला’ म्हणून सुटणारेही. कबुली द्यायची तर क्रियापद बरोबर हवं.

ईर्ष्येचं थोडक्यात. ‘ईर्ष्येने अभ्यास केला’ यात वाईट काही नाही. हेवा परक्याच्या गोष्टीचा असतो. देवाची ईर्ष्या त्याच्या स्वतःच्या लोकांविषयी आहे, त्याच्याशी केलेला करार मोडून ते दुसऱ्यामागे जाऊ नयेत म्हणून. ग्रीकमध्येही ‘झेलोस’ हा एकच शब्द आवेशालाही चालतो आणि हेव्यालाही. पाळकाची गफलत होते ती इथे. मंडळी ख्रिस्ताची, आणि तिच्यासाठी ईर्ष्येला पेटतो हा, जणू ती याचीच.

उदाहरण इस्राएलाचा राजा शौल याचं घ्याच, पण 1 शमुवेल 18 वरून वाचा. शौलाने हजारो मारले, त्याच्या पदरच्या दावीदाने लाखो, असं बायका गातात आणि शौल म्हणतो, आता याला राज्यच काय ते मिळायचं राहिलं. ही धास्ती. पुढे दावीदावर भाला फेकतो, तो हेवा ‘केलेला’. आणि त्याच अध्यायाच्या सुरुवातीला योनाथान आपला झगा, तलवार, धनुष्य, कमरबंद काढून दावीदाला देतो. योनाथान राजाचा मुलगा होता. दावीदामुळे गादी खरोखर जाणार होती ती त्याची.

शीर्षक ‘सेवकाची धास्ती आणि हेवा’ असं करा. आणि तुम्ही सोलापुरात बोलताय, समोर तेलुगू आणि कन्नड घरांतली माणसं असणारच. आपल्याकडे दुसऱ्याचं भलं झालं की पोटात दुखतं. कन्नडात हेव्याला ‘होट्टेकिच्चु’ म्हणतात, पोटातली आग. तेलुगूत ‘कडुपुमंट’, तीही पोटातलीच आग. हे तिन्ही शब्द त्यांच्याच तोंडून वदवून घ्या, मग शौलाकडे वळा.