मांजराला ल्युकेमिया पॉझिटिव्ह आलंय, डॉक्टर म्हणतात फार दिवस नाहीत. काय करू?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. दोन वर्षांचा बोका, आठवडाभर अंगात कसर, हिरड्या लालभडक, जेवण निम्म्यावर आलेलं. कार्ड टेस्टवर ल्युकेमिया, म्हणजे मांजरांच्या ल्युकेमियाचा विषाणू, पॉझिटिव्ह, आणि डॉक्टर म्हणाले झोपवायचा, म्हणजे इंजेक्शन देऊन मरण द्यायचा, विचार करा. घरात पाच वर्षांची मांजरी आहे आणि चार वर्षांची मुलगी.

मुलीची काळजी आधी मनातून काढून टाका. हा विषाणू माणसाला होत नाही, कुत्र्यालाही होत नाही, फक्त मांजराच्या जातीत फिरतो. 1964 साली ग्लासगोमध्ये विल्यम जॅरेट यांनी तो शोधला. इतकी वर्षं झाली, पण मांजरापासून माणसाला तो झाल्याचं कुठेही सिद्ध झालेलं नाही. तिला बोक्याजवळ बसू द्या, नंतर साबणाने हात धुवायला लावा, बास.

आता बोक्याचं. मी डॉक्टर नाही, कराडला राहते. आमच्या पिठीला हाच आजार होता. गल्लीतल्या गिरणीत, पोत्यांमागे सापडलेलं पिल्लू, अंगभर पीठ, म्हणून पिठी. वर्षाची असताना टेस्ट पॉझिटिव्ह आली आणि मला अगदी तुमच्यासारखंच उत्तर मिळालं. त्या दवाखान्यातून पिशवीत मांजर घेऊन रडत घरी आले होते. पिठी त्यानंतर सव्वादोन वर्षं जगली आणि त्यातली जवळजवळ दोन वर्षं चांगली गेली. उगाच धीर द्यायला हे सांगत नाही. खात्रीने पॉझिटिव्ह असलेली बहुतेक मांजरं निदानानंतर अडीच-तीन वर्षांत जातात, हेही तितकंच खरं आहे. पण अडीच वर्षं म्हणजे उद्या नव्हे.

एका कार्ड टेस्टवर निकाल लावू नका. ती टेस्ट रक्तात विषाणूचं प्रथिन आहे का एवढंच पाहते. काही मांजरांचं शरीर, विशेषतः मोठ्या वयात लागण झाली असेल तर, विषाणूला दाबून टाकतं. तो हाडांच्या मज्जेत गप्प पडून राहतो आणि मांजर बाहेरून धडधाकट असतं. म्हणून महिना-दीड महिन्याने परत टेस्ट करायची आणि जमलं तर लॅबला रक्त पाठवून पीसीआर, म्हणजे विषाणूचं जनुकीय साहित्य शोधणारी तपासणी, करून घ्यायची. डॉक्टरांना तसं सरळ म्हणा. राग येत नाही कुणाला, आणि आला तर डॉक्टर बदला.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच आहे. एकदा पॉझिटिव्ह लागलं की पुढे मांजराला काहीही झालं तरी सगळे ल्युकेमियाकडे बोट दाखवतात. मीसुद्धा तेच केलं आणि त्यात पिठी जाता जाता राहिली.

पहिल्याच उन्हाळ्यात ती दिवसभर मोरीतल्या गार फरशीवर पडून राहायला लागली. मला वाटलं उकाडा आहे. मग जेवण कमी झालं, तेव्हा वाटलं आजार वाढला, आता काय करणार. चौथ्या दिवशी खिडकीच्या उजेडात तिचा ओठ वर केला तर हिरडी ओल्या खडूसारखी पांढरी. जिभेलाही रंग नव्हता. तशीच उचलली आणि शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात नेली. रक्त तपासलं तर पीसीव्ही, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचं शेकडा प्रमाण, 12. मांजराचा साधारण 30 ते 45 असतो. तिथे काचेवर रक्ताचा थेंब पसरून पाहिला आणि तांबड्या पेशींना चिकटलेला मायकोप्लाझ्मा नावाचा जंतू सापडला. प्रतिकारशक्ती खचलेल्या मांजरात तो जोर धरतो, आणि त्याच्या प्रसारात पिसवांचा हात असतो असं मानतात. त्याच्यावर डॉक्सीसायक्लिन नावाचं साधं अँटिबायोटिक चालतं! शेजारच्या काकूंच्या पाच किलोच्या बोक्याचं रक्त दिलं, आधी जुळवून बघून, कारण मांजरात ए, बी आणि एबी असे गट असतात आणि चुकीचं रक्त पहिल्याच वेळी जीव घेऊ शकतं. चार आठवडे गोळ्या चालल्या. महिन्याने पीसीव्ही 28 आला. ल्युकेमिया जिथल्या तिथे होता, पण पिठी परत फ्रिजवर चढून बसायला लागली.

त्या गोळीबद्दल एक ध्यानात ठेवा. डॉक्सीसायक्लिन मांजराला कोरडी द्यायची नाही. ती अन्ननलिकेत अडकली तर आतून भाजते आणि नळी आक्रसते. गोळीमागोमाग सिरिंजने पाच-सहा मिली पाणी गालाच्या कडेने, हळूहळू.

तेव्हा तुमच्या डॉक्टरांना विचारा, ताप कशाचा आहे? हिरड्या लाल आहेत तर दात तपासलेत का? रक्ताची पूर्ण तपासणी, पीसीव्ही, काचेवरची तपासणी झाली का? तोंड सुजलं की स्टेरॉइडचं इंजेक्शन चटकन टोचलं जातं. कधी कधी ते लागतंही, पण या मांजराची प्रतिकारशक्ती आधीच तोळामासा, म्हणून का देताय हे विचारल्याशिवाय देऊ देऊ नका. जवळपास सोय नसेल तर परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथे पशुवैद्यकीय कॉलेजं आहेत, तिथे शिकवण्याचे दवाखाने असतात. मुंबईकरांना परळचं बैलघोडा हॉस्पिटल माहीतच असतं.

तापाचंही सांगते. मांजराचं अंग आपल्यापेक्षा गरमच असतं, 100.5 ते 102.5 फॅरनहाइट हे त्याचं नेहमीचं. 102 बघून घाबरू नका. आणि ताप खरोखर असला तरी घरातली पॅरासिटामॉल अजिबात देऊ नका. अर्धी गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. हे मोठ्या अक्षरात लिहून औषधाच्या डब्यावर चिकटवा, कारण घरातलं कुणीतरी प्रेमापोटीच देतं.

रोजचं म्हणाल तर मी तीन गोष्टी करायचे. सकाळी खिडकीत नेऊन हिरडी बघायची. गाढ झोपलेली असताना पोटाकडे बघत मिनिटभर श्वास मोजायचे, 30 च्या आत हवेत. आणि दर रविवारी वजन. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वेताची टोपली ठेवली की ती स्वतःहून त्यात जाऊन बसायची. आकडा कालनिर्णयच्या त्या तारखेच्या चौकोनात, दूधवाल्याच्या खाड्याच्या शेजारी. 3.4, 3.4, 3.3, 3.1. डोळ्यांना रोज दिसणारं मांजर बारीक झालेलं कळत नाही, चौकोनात कळतं. 3.1 दिसलं त्याच दिवशी दवाखान्यात गेलो आणि पोटातले जंत निघाले. तेही औषधाने गेले.

खाण्याच्या बाबतीत हट्ट धरू नका. तोंड दुखत असेल तर कोरडे दाणे बंद, ओलं खाणं द्या. या मांजरांचं नाक चोंदलं की वास येत नाही आणि वास आला नाही की मांजर खात नाही. कोंबडी किंवा बांगडा मिठाशिवाय उकडून, काटे काढून, बोटाने मऊसूत करायचा, वर त्याचंच कोमट पाणी. कांदा-लसूण घातलेला रस्सा चुकूनही नको, त्याने तांबड्या पेशी फुटतात. कच्चं मांस, कच्चं अंडंही नको, निरोगी मांजर जे पचवतं ते याला बाधतं. पिठी वाईट दिवसांत ताटलीकडे बघायचीही नाही, पण मी जमिनीवर मांडी घालून बसले आणि तळहातावर सुपारीएवढा गोळा धरला की चाटायची. अर्धा तास लागायचा. दुसऱ्या हाताने मी पोळ्यांची कणीक मळली आहे. पण दोन दिवसांवर पूर्ण उपाशी राहू देऊ नका, उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठते आणि त्यानेच ते जातं. भूक वाढवणारी गोळी मिळते, मिरटॅझापिन, डोस वजनावर डॉक्टर ठरवतील. पाणी कमी पडलं तर कातडीखाली सलाईन देतात. ते दोन वेळा बघितलं की घरी जमतं.

लोक सल्ले देतील. पपईच्या पानांचा रस, गुळवेलीचा काढा. मीही एकदा पपईचा रस पाजला. तोंडाला फेस आला आणि पुढचा दीड दिवस तिने माझ्या हातचं काही खाल्लं नाही. कडू काही बळजबरीने पाजलं की मांजर पाजणाऱ्या हातावरच रुसतं, आणि तोच हात तर जेवण भरवायला हवा असतो. इंटरनेटवर महागडी इंजेक्शनं दिसतील, जीएस नावाची. ती एफआयपी या वेगळ्या आजाराची, यावर त्यांचा उपयोग नाही. एचआयव्हीचं एक औषध, झिडोव्हुडिन, काही मांजरांना देतात, पण त्याने रक्त आणखी उतरू शकतं, ते फक्त डॉक्टरांच्या नजरेखाली.

बोक्याला बाहेर सोडू नका, खिडक्यांना जाळी लावा. ही कैद त्याच्यासाठीही आहे आणि गल्लीतल्या मांजरांसाठीही. नसबंदी झाली नसेल तर ताप उतरल्यावर, रक्त ठीक असताना करून घ्या, मारामाऱ्या थांबतात. पिसवांचं औषध दर महिन्याला, पण मांजराचंच. कुत्र्याच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं, ते मांजराला विष आहे.

मांजरीचं काय, हे तुम्ही शेवटी विचारलंय. तिची टेस्ट याच आठवड्यात करा आणि दीड महिन्याने परत. तोवर दोघांच्या खोल्या वेगळ्या, ताटल्या आणि वाळूचे ट्रे वेगळे. हा आजार पसरतो मुख्यतः लाळेतून, एकमेकांना चाटण्यातून, एका ताटलीत खाण्यातून, चावण्यातून आणि आईकडून पिल्लाला. शरीराबाहेर विषाणू काही तासांतच मरतो, साध्या साबणानेही जातो, म्हणून घर ब्लीचने धुवून काढायची गरज नाही. पाच वर्षांच्या मांजरीला पिल्लाइतका सहज तो धरत नाही. आमचा दादू सात वर्षांचा, पिठीच्या ताटलीत वर्षभर जेवलेला, तिला चाटूनपुसून वाढवलेला. दोन्ही वेळा निगेटिव्ह आला. त्यांना वेगळं केल्यावर पहिले आठ दिवस तो बंद दाराशी पाय पोटाशी घेऊन बसायचा आणि आतून पिठी दाराखालून पंजा काढायची. ते बघवत नव्हतं. तरी दार उघडलं नाही.

तिला लस दिलीय म्हणून निर्धास्त राहू नका. आपल्याकडे नेहमी देतात त्या तिहेरी लशीत पॅनल्युकोपेनिया, हर्पिस आणि कॅलिसी असतात. पॅनल्युकोपेनिया आणि ल्युकेमिया ही नावं सारखी वाटतात, आजार पूर्ण वेगळे. ल्युकेमियाची लस निराळी असते, ती तुमच्या भागात मिळते का विचारा. तीही निगेटिव्ह मांजरालाच द्यायची, पॉझिटिव्हला उपयोग नाही.

तुम्ही गल्लीतल्या मांजरांनाही घालता असं लिहिलंय. मीही गिरणीच्या पायरीवर घालते. पूर्वी एका परातीत घालायचे, आता प्रत्येकाला वेगळा कागद. एवढं कराच.

झोपवायचं कधी, याचं उत्तर मला पिठीनेच दिलं. सव्वादोन वर्षांनी एका रात्री श्वास मोजले तर 52. छातीत गाठ होती, या आजारात होते तशी, आणि तिच्याभोवती पाणी. सुईने पाणी काढलं, त्या संध्याकाळी ती बांगडा जेवली. चौथ्या दिवशी पाणी परत भरलं. केमोचं डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण तिचं रक्त पुन्हा उतरलेलं होतं आणि मी नाही म्हटलं. ती मान लांब करून, तोंड उघडं ठेवून बसली होती, आडवी होऊ शकत नव्हती. मी तळहात पुढे धरला तर तिने वास घेतला आणि तोंड फिरवलं. आमच्या सासूबाई, ज्यांनी आयुष्यभर मांजराला घरात घेऊ दिलं नव्हतं, त्याच म्हणाल्या, "आता तिला त्रास देऊ नकोस." डॉक्टर घरी आले. आधी गुंगीचं इंजेक्शन दिलं, ती माझ्या मांडीवर बऱ्याच दिवसांनी आडवी झाली, मग दुसरं.

तुमच्या बोक्याचं आज तसं काही नाहीये. तो निम्मं का होईना जेवतोय, तुम्हीच लिहिलंय. उद्या सकाळी उजेडात हिरडी बघा, वजन करून लिहून ठेवा आणि रक्ताच्या पूर्ण तपासणीसाठी त्याला घेऊन जा. हिरडीवर लाली आहे म्हणता, पण जिभेचा रंग आज रात्रीच बघा. ती फिकट दिसली तर सकाळची वाट पाहू नका.